बापाकडची बाजू

अंड्याच्या आत काय आहे, ते मी न फोडता सांगते. यात जादू वगैरे काही नाही, तो माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. अंधारी खोली, टेबलात बसवलेला दिवा, त्यावर अंडं धरायचं आणि मनगट जरासं फिरवायचं. आत रक्ताचा ठिपका दिसला, कवचाला केसाएवढी चीर दिसली, की बाजूला. वरून कितीही गुळगुळीत असो, दिव्यावर धरल्याशिवाय एकही अंडं मी पुढे जाऊ देत नाही. याचा मला फार तोरा. नव्या पोरी चुकल्या की 'बाहेरून बघून भुलू नका गं' म्हणून मी अशी काही झापते, की त्या माझ्यामागे मला हेडमास्तरीण म्हणतात. समोरही म्हणतात.

आणि ही हेडमास्तरीण पन्नाशी उलटली तरी स्वतःची छाती तपासून घ्यायला तयार नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

माझी भाची, म्हणजे धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी, दवाखान्यात नर्स आहे. सुट्टीच्या दिवशी यायची, माझ्या हातचा चहा प्यायची आणि पहिल्या घोटाबरोबर विचारायची, "आत्या, मॅमोग्राफीला कधी येतेस?" माझ्याकडे उत्तरांचा साठा होता. मला कुठे दुखत नाही. हाताला काही लागत नाही. कामावर सुट्टी मिळत नाही. खरं तर साहेब हात जोडून म्हणायचे, "बाई, घ्या हो एखादी सुट्टी, पोरींना जरा श्वास घेऊ द्या." शेवटी मी हुकमाचं पान टाकायची.

"आमच्या आईकडे छातीचा कॅन्सर कुण्णाला नाही. आजी, मावश्या, सगळ्या ठणठणीत."

"आणि तुझी आत्या?"

"ती गेली त्याच दुखण्यानं, चाळिशीत. कुणाला सांगितलं नाही बिचारीनं, शेवटी कळलं. पण ती बापाकडची. हे आईकडून येतं."

"असं कोणी सांगितलं तुला?"

कोणी सांगितलं ते मला आठवेना. डबा खाताना कुणीतरी बोललं असेल, मला ते सोयीचं वाटलं असेल, आणि मी त्याचं शास्त्र करून टाकलं असेल.

"आत्या, बापाकडूनही येतं. निम्मी तू बापाची आहेस ना? आणि घराण्यात कुणालाच नाही, अशा कितीतरी बायकांनाही होतं. नुसतं वय वाढलं तरी धोका वाढतो."

"बरं बाई. पण एका आत्याचं काय एवढं घेऊन बसलीस?"

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मलाही एकच आत्या आहे."

बापाकडची बाजू धरायचीच नाही, तर मी तरी या पोरीची कोण? मला काय आहे ते मलाच कळलं नाही, तर तिला तिचा धोका कसा कळणार? जिच्यावर जीव टाकते तिलाच मी अंधारात ठेवत होते.

पुढच्याच आठवड्यात गेले, तीही थाटात. नवे कपडे, आणि काखेत, छातीवर भरभरून पावडर. तपासणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. पावडरचे कण म्हणे फोटोत ठिपक्यांसारखे दिसतात. मला धुवायला पिटाळलं. ठिपके शोधण्यात जन्म काढलेल्या बाईला एवढं सुचू नये! मग प्रश्न सुरू झाले. पाळी कधी आली, कधी गेली, मुलं किती, वजन किती. पाळी लवकर आली, उशिरा गेली, मुलं नाहीत. वजन अंदाजे सांगितलं, तर त्यांनी मुकाट्यानं काट्याकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, "या सगळ्यानं धोका थोडाथोडा वाढतो. म्हणजे होणारच असं नाही हं." शाळेतही मी कधी इतके मार्क मिळवले नव्हते. शेवटी दोन पाट्यांमध्ये छाती दाबली. दुखलं, नाही असं नाही, पण ज्याला इतकी वर्षं घाबरले ते 'आई गं' पुरतं म्हणायच्या आत संपलं. मला माझाच राग आला.

काही दिवसांनी बोलावणं आलं. डावीकडे वाटाण्याहून लहान गाठ होती. सुईनं तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला. पण हाताला लागायच्या आधी सापडला, म्हणून छोटं ऑपरेशन, थोडे दिवस किरणं आणि पुढे रोज एक गोळी, एवढ्यावर भागणार होतं. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आलात, शाबास." मी अशी मान डोलावली, जशी काही हौसेनं आले होते. भाची शेजारीच होती, पण तिनं मला उघडं पाडलं नाही.

मग डॉक्टर तिच्याकडे वळले. "या तुमच्या वडिलांच्या सख्ख्या बहीण ना? आणि त्यांच्या आत्यालाही होता. मग तुम्ही चाळिशीची वाट बघू नका. तुमचीही तपासणी करून टाकू."

मला इतके धडे देणाऱ्या त्या पोरीचा हात मी घट्ट धरला. स्वतःचा कॅन्सर ऐकताना मी घाबरले होते, पण आता जे वाटलं त्यापुढे ते काहीच नव्हतं. मला काय व्हायचं ते होऊ दे, हिला काही नको, एवढंच मनात घोळत राहिलं.

तिच्या तपासणीच्या दिवशी मी सकाळपासून तिच्या मागे. पावडर लावू नकोस, हे मी एका नर्सला तीन वेळा बजावलं. ती आत गेली, मी बाहेर बाकावर बसले. शेजारी एक अनोळखी बाई बसली होती, तिनं काही विचारलं तर मी तिच्यावरही खेकसले. फोटो झाले, डॉक्टरांनी ते लगेच बघितले. दार उघडलं.

"काही नाही, आत्या. सगळं चांगलं आहे. फक्त दर वर्षी यायचं."

मी तिथेच भोकाड पसरलं. कॅन्सर निघाला तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ते सगळं आता बाहेर आलं. भाची मला आवरत होती आणि स्वतःही रडत होती. ज्या बाईवर मी खेकसले होते ती जवळ सरकली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"फार वाईट निघालं का हो?" तिनं हळूच विचारलं.

"नाही हो," मी हुंदके देत म्हटलं, "काहीच नाही निघालं."