आत्याचा हुंकार

आमच्या डहाणूच्या साहित्य महोत्सवात लेखकाला चाळीस मिनिटं मिळतात, असं पत्रिकेत छापलेलं असतं. त्यातली दहा दीपप्रज्वलनात जातात, कारण समुद्रावरून वारा येतो आणि समई पेटत नाही. पंधरा सत्कारात जातात. उरलेल्या वेळात लेखकाने आपला प्रवास उलगडायचा आणि श्रोत्यांनी प्रश्न विचारायचे. प्रश्न एकच असतो. वाढवणला सरकार मोठं बंदर बांधायचं म्हणतंय, तिथले एक गृहस्थ उभे राहतात आणि म्हणतात, "साहेब, बंदराबद्दल तुम्ही काय लिहिलंय?" प्रेमकवितांच्या सत्रातही त्यांनी हेच विचारलं होतं. कवीने काही लिहिलेलं नव्हतं. मला ते गृहस्थ आवडायचे, निदान त्यांना साहित्याकडून काहीतरी हवं होतं.

मी सांगतोय ते २०१९ सालचं. भूकंपाचे धक्के सुरू झाले होते, म्हणून महोत्सव शाळेच्या सभागृहातून उचलून मैदानात मांडवाखाली आणला होता. सभागृहाला तडा वगैरे गेला नव्हता, पण त्याला स्लॅब होता आणि तेवढं कारण पुरे होतं. सकाळी मुंबईचे पाहुणे बोलत असताना एक धक्का बसलाच. पाहुणे माइक हातात घेऊन उभे राहिले. श्रोत्यांतलं कोणी हललं नाही. तळासरीकडचे एक शिक्षक पहिल्या रांगेतून म्हणाले, "बसा सर, हा छोटा होता." पाहुणे बसले, पण त्यानंतर ते मराठी कादंबरीच्या भवितव्याबद्दल फारच थोडक्यात बोलले.

त्यांच्यानंतर माझी पाळी. मी तळासरीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि माझा पहिला कथासंग्रह नुकताच निघाला होता. सत्राचं नाव होतं 'लेखक आपल्या भेटीला'. मांडवातली निम्मी माणसं मला रोज बाजारात भेटत होती.

खरी भेट आत्याची होती. मला आईच्या पाठी तिनेच वाढवलं, कैनाडच्या आमच्या घरात. तिला लिहिता-वाचता येत नाही. मी जी कथा वाचणार होतो ती मुळात तिची. लहानपणी ती आम्हाला झोपवताना सांगायची. पुस्तकात ती माझ्या नावावर छापली गेली होती आणि हे मी आत्याला सांगितलेलं नव्हतं. सांगू सांगू म्हणत राहून गेलं. शिवाय शेवट मी बदलला होता. तिने उठून "असं नव्हतं रे ते" असं म्हटलं तर काय, एवढ्या एका विचाराने मी दोन दिवस जेवलो नव्हतो. मग तिला बोलावलं कशाला? तिने कौतुकाने ऐकावं, असंही मला वाटत होतं. माणसाला एका वेळी दोन्ही गोष्टी वाटू शकतात.

आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि मागून तिसऱ्या रांगेत बसली. माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि चिकूची पेटी. आमच्या घरामागे चिकूची चार झाडं आहेत आणि त्या आठवड्यात चिकू कोणी घेत नव्हतं. मी पेटी हसून स्वीकारली.

कथा अशी. एका म्हातारीला मूल नसतं. ती ओहोळातून खेकडा धरून आणते आणि चुलीवर पाणी ठेवते. खेकडा म्हणतो, मला शिजवू नको, मी तुझा मुलगा होईन. मी पहिलं वाक्य वाचलं, थांबलो, आणि मागून आवाज आला, "हूं."

आमच्याकडे गोष्ट अशीच ऐकतात. सांगणाऱ्याने वाक्य टाकलं की ऐकणाऱ्यांपैकी एकाने हुंकार भरायचा. आत्या सांगायची तेव्हा हे काम माझं असे. हुंकार थांबला की ऐकणारा झोपला असं धरून ती तिथेच थांबायची. उरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी.

मी दुसरं वाक्य वाचलं. "हूं." तिसरं वाचलं. "हूं." ती चोरी पकडत नव्हती, ती साथ देत होती. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी कधी नव्हे इतका बरा वाचू लागलो. खेकडा भाकरी बांधून शेतावर गेला. हूं. चिखल केला, भाताचं आवण लावलं. हूं. मग बीएडच्या मुली खुसखुसायला लागल्या. मागच्या बाजूला दोघातिघांनी आत्याच्या सुरात सूर मिसळला. सूत्रसंचालकांनी माइक घेऊन सांगितलं की रसिकांनी कृपया शांतता पाळावी. आत्याला ते आपल्यासाठी आहे असं वाटलं नाही. ती शांतच होती, तिच्या मते.

शेवटी बिल्ला लावलेल्या एक बाई तिच्या रांगेपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघून हातानेच विचारलं, सांगू का यांना? मी हो म्हणून मान हलवली.

लोक हसत होते म्हणून हलवली, असं मी घरी बायकोला सांगितलं. खरं कारण पुढचं पान होतं. आत्याच्या गोष्टीत ओहोळाला पूर येतो, म्हातारी दारात बसून राहते आणि दिवेलागणीला खेकडा निथळत घरी येतो, भात खातो आणि झोपतो. आमच्या संपादकांना हा शेवट सैल वाटला होता. खेकडा परत येऊ नये, असं त्यांचं म्हणणं पडलं. मीही लगेच कबूल झालो, कारण मला पुस्तक हवं होतं. त्या पानावर आत्याचा हुंकार आला नसता तर मला पुढचं वाक्य वाचता आलं नसतं.

बाई वाकून तिच्या कानात काहीतरी बोलल्या. मी पुस्तकात बघून वाचत राहिलो. शांततेत कथा संपवली, टाळ्या पडल्या. वर पाहिलं तर आत्याची खुर्ची रिकामी होती. वाढवणच्या गृहस्थांनी बंदराचं विचारलं, मी काहीतरी उत्तर दिलं.

ती फाटकाजवळ सावलीला बसली होती. मी रिक्षा ठरवली. चिकूची पेटी तिने मांडीवर घेतली. रिक्षा मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी विचारलं.

"उठून का गेलीस आत्या?"

"ती बाई बोलली, हूं करू नका. मला वाटलं बंद झाली गोष्ट. आता उद्या सांगेल." तिच्या आवाजात राग नव्हता. "माझीच होती ना रे ती? खेकड्याची?"

"हो. तुझीच."

"मला वाटलंच. मोठी केलीस जरा. चांगली केलीस." मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "तू पुढं सांगितलीस का त्यांना? आला ना तो घरी?"

"आला."

"जेवला?"

"जेवला," मी म्हणालो. "मग झोपला."

तिला बरं वाटलं. घरी गेल्यावर तिने पुस्तक मागून घेतलं, पदराने पुसलं आणि देवांच्या फळीवर ठेवलं. कोणी आलं की ती ते काढून दाखवते आणि यात माझी गोष्ट आहे म्हणून सांगते. येणाऱ्याला वाचता येत असेल तर मी घाईने चहाचं विचारतो. आत्याला वाचता येत नाही याचं मला बरं वाटतं, आणि मी शिक्षक आहे.