डाकबंगल्यातले चपटे टार्ट

मेहकरच्या डाकबंगल्यातला स्वयंपाकी साऱ्या तालुक्याला मूर्ख समजतो. साहेबाच्या मुक्कामाची व्यवस्था बघणारा तहसिलीतला कारकून म्हणून मला जरा जास्तच. लोण्याच्या घड्या घातलेला मैदा तो ओल्या फडक्यात बांधतो, बादलीत ठेवून विहिरीत पाण्याच्या वर लटकवतो आणि तोवर कोणाला पाणी काढू देत नाही.

"त्याले थंड होऊ द्या. तुम्ही काय, संध्याकाळी प्या!"

नव्या साहेबाने पहिल्याच मुक्कामात बजावले होते, की पुन्हा असे जेवण मिळाले तर दुसरा माणूस ठेवीन. म्हणून पुढच्या खेपेला याने त्या मैद्याच्या वाट्या करून त्यांत वांगी, कांदा आणि नागपूरहून आलेले डब्यातले चीज भरले. या टार्टांवर निखाऱ्यांचे झाकण होते. झाले का बघावे म्हणून मी ते उचलले आणि फुलत आलेले पापुद्रे खाली बसले.

"काऊन उघडलं, बाबू? माही नोकरी फुगून राह्यली होती त्यात!"

तरीही तो ताठ मानेने ताट घेऊन आत गेला.

"साहब, मेहकर में ऐसाच चपटा बनता."

साहेबाने चार खाल्ले आणि दर मुक्कामाला हेच, असेच हवे म्हणून फर्मावले.

नोकरी टिकली. आता साहेब आला की टार्ट चांगले बोटभर फुलतात आणि हा मला चुलीपाशी बोलावतो.

"पाह्यलं? नीट पाह्यलं ना, बाबू?"

मी हो म्हणतो. मग तो तोंड फिरवून त्यांच्यावर परात दाबतो.