काळ्या स्क्रीनवरची मराठी ओळ

आधीच सांगते, चौकात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की वळसा घालणाऱ्यांतली मी नाही. मैत्रिणी भुताखेतांचं बोलायला लागल्या की मला जांभया येतात. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण लिहिते.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो, ठाकुर्लीच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. घरात मी आणि आई. दादा दीड वर्षापूर्वी गेला. काविळीचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत सगळं संपलं. तोही माझ्यासारखाच सॉफ्टवेअरमध्ये, घरूनच काम करायचा. त्याचा लॅपटॉप आईने त्याच्या टेबलावर तसाच ठेवलाय. तिची एकच अट – "त्यात काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. त्याने ठेवलंय तसं राहू दे."

मध्यंतरी माझा लॅपटॉप बंद पडला. ठाण्याला नौपाड्यातल्या दुरुस्तीवाल्याने आठवडा सांगितला आणि इकडे ऑफिसचं काम गळ्याशी आलेलं. दादाचाच लॅपटॉप मागावा लागला. आईचा चेहरा पडला.

"अगं, कंटेनर म्हणून प्रकार असतो," मी समजावलं. "लग्नात आचारी स्वतःची शेगडी-भांडी आणतो, मांडवात स्वयंपाक करतो आणि सगळं घेऊन जातो, आपल्या ओट्याला हात लावत नाही – तसं. प्रोग्रॅम तयार करायला जे जे लागतं ते कंटेनरमध्येच घालायचं. काम झालं की तो आपोआप पुसला जातो. दादाच्या कशाला धक्का नाही."

कंटेनर चालवायची सोय त्यानेच करून ठेवलीये, हे सांगितलं तेव्हा कुठे ती तयार झाली.

पण दोन दिवस बिल्ड, म्हणजे कोडवरून प्रोग्रॅम तयार करायचं काम, एकाच जागी अडकत होता. अमुक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारा आयता कोड, सापडत नाही म्हणून एरर. ऑफिसातलेही थकले. तिसऱ्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास मी वैतागून पुन्हा तोच बिल्ड लावला आणि कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले. आई त्या टेबलाशी मटार सोलत बसलेली.

"अगं, इकडे ये," तिची हाक आली. "यात मराठीत काय लिहिलंय बघ."

आईचं इंग्रजी बेताचं, म्हणून तिला नेमकी तीच ओळ दिसली. काळ्या स्क्रीनवर इंग्रजी ओळीच ओळी, आणि सगळ्यात खाली –

झालं. आई, पान वाढ.

दादाचं रोजचं वाक्य. बिल्ड पूर्ण झाल्याशिवाय तो जेवायला उठायचा नाही, आणि उठताना हेच ओरडायचा. बिल्ड पास झालेला! फोटो काढायचं भान कोणाला होतं? आई केव्हाच ओट्याशी गेलेली. तिने ताट घेतलं, भात वाढला, वरण घातलं आणि ताट हातात धरून तशीच उभी राहिली.

मी प्रोजेक्टमधल्या एकूण एक फाइलमध्ये ते शब्द शोधले. नाहीत. कोड बंगळुरूच्या टीमचा, त्यात मराठी येणार कुठून? दादाच्या फाइली तर कंटेनरला दिसतच नव्हत्या, मी फक्त माझा फोल्डर दिलेला. पुन्हा बिल्ड लावला – तीच जुनी एरर. म्हणजे त्या एकाच वेळी ती लायब्ररी आत कोणीतरी आणून ठेवली होती. आत शिरून बघावं म्हटलं, तर...

"काय झालं गं?"

"तो कंटेनर आता नाहीये, आई. पुसला गेला."

"कोणी पुसला?"

"मीच तसं लावून ठेवलेलं. मागे काही राहू नये म्हणून."

आईने ते ताट झाकून ठेवलं. मला तेव्हा जे वाटलं ते कोणाच्या वाट्याला येऊ नये.

त्या बिल्डमधून निघालेला प्रोग्रॅम तेवढा माझ्या फोल्डरमध्ये राहिला, तो ऑफिसात आजही व्यवस्थित चालतोय. तो तयार कसा झाला, कोणालाच सांगता आलेलं नाही. मैत्रिणी म्हणतात ताण होता, भास झाला असेल. दोघींना एकच भास?

माझा लॅपटॉप दुरुस्त होऊन आलाय, तरी बिल्ड मी दादाच्याच लॅपटॉपवर लावते. आपोआप पुसायची सेटिंग काढून टाकलीये, तेव्हापासून एकही कंटेनर पुसलेला नाही. ती ओळ पुन्हा आली नाही. डिस्क मात्र भरत आलीये. आणि जी आई त्यात काही घालू देत नव्हती, तीच रोज दुपारी मला विचारते – "अजून जागा आहे ना गं त्यात?"