न पाहिलेल्या माणसाला रिलीजची चावी

आमच्याकडे माणसाचं नाव नंतर विचारतात. बोर्लीच्या बाजारात सुकट घ्यायला उभी राहिले की विकणारी आधी म्हणते, "कोनाची गो तू?" बाबांचं नाव सांगितलं की ती आजोबांपर्यंत पोचते, मग कुठली तरी आत्या निघते आणि वाट्यावर मूठभर जास्त पडतं. मला या प्रश्नाचा लहानपणापासून वैताग आहे. आणि गेल्या वर्षी मी तोच प्रश्न अशा माणसाला विचारून बसले, ज्याचा चेहराही मी पाहिलेला नाही.

नोकरी माझी वेगळी आहे, ती पोटासाठी. त्याशिवाय मी एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे कुणीही वापरावा असा तयार कोड, सांभाळते, फुकट. संगणकाला प्रिंटर, स्कॅनर असं काही जोडलं की ते काय आहे हे ओळखायचं आणि बाकीच्या प्रोग्रॅमांना सांगायचं, एवढंच तिचं काम. जगभरातून लोक दुरुस्त्या पाठवतात. त्या तपासायच्या, एकत्र करायच्या, नव्या आवृत्तीला नंबर द्यायचा, काय बदललं ते लिहायचं आणि शेवटी माझ्याजवळच्या चावीने डिजिटल सही करून रिलीज सोडायचं. ती सही दिसली की पुढे कुणी काही विचारत नाही. कुठल्या कुठल्या दुकानांतल्या, दवाखान्यांतल्या संगणकांत ते आपोआप जाऊन बसतं. नेमकं कुठे, ते मलाही ठाऊक नाही.

दोनेक वर्षं एक जण फार मदत करत होता. 'होता' म्हणते खरी, पण ती बाई असेल, किंवा चौघं मिळून एकच नाव वापरत असतील. नाव तरी कसलं, चार अक्षरं आणि एक आकडा. काम नेटकं, बोलणं मऊ, पत्राच्या शेवटी 'काळजी घे'. मी घरच्या लग्नात अडकले तेव्हा रिलीजची सगळी तयारी त्यानेच केली. मला फक्त सही करायची होती आणि तीही मी उशिरा केली. मग लोक ओरडू लागले. पूर्वी कधी न दिसलेल्या एकाने लिहिलं की हा माणूस झोपलाय, चावी दुसऱ्या कुणाला तरी द्या. मी पुरुषच आहे असं सगळे धरून चालतात आणि मीही कधी सुधारायला गेले नाही. त्याच दिवशी माझ्या मदतनिसाचं पत्र आलं: चावीचा अधिकार मलाही दे, तुझा भार हलका होईल.

आता यातून काय समजायचं? ओरडणारा खराच वैतागलेला होता, की यानेच उभा केलेला? गोड बोलून चावी मिळवायची आणि रिलीजमध्ये विष कालवायचं, हे प्रकार आमच्या कामात होतात. पण हा खरंच भला असेल आणि कंटाळून निघून गेला, तर एकटीने हे सगळं ओढणं मला जमणार नव्हतं. सकाळी तो मला देवमाणूस वाटायचा आणि दुपारी चोर. माझं डोकं चालेनासं झालं.

बाबांना विचारलं. त्यांच्या होडीवर आता गावचे खलाशी नसतात. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली की मुकादम नेपाळची पोरं पाठवतो, आणि बाबा झोपले की सुकाणू त्या पोरांच्याच हातात असतं. जेवताना बाबा म्हणाले, "दोन वर्सं राबलाय ना तुझ्यासाठी? मंग देऊन टाक." संध्याकाळी जाळं विणता विणता म्हणाले, "देऊ नको. चावी अशी कोन देतं गो?"

"तुम्ही होडी देता ती?"

"माझी गोष्ट येगली," म्हणाले, आणि त्यांनी जाळ्याची पुढची गाठ मारली.

आई सुकत घातलेले बोंबील काढत सगळं ऐकत होती. "एवढी चौकशी करतेस, स्थळबिळ हाय काय?" मी कपाळावर हात मारला. मग तिने विचारलं, "तुझ्या त्या लायबरीला तरी कसं कळतं, काय जोडलंय ते?"

"जोडलेलं यंत्र स्वतःच सांगतं, मी अमुक आहे म्हणून."

"आनि ती मानते?"

"मानते."

आई हसली आणि बोंबील घेऊन आत गेली. मला मात्र हसू येईना.

शेवटी मी त्याला लिहिलंच. कुठला तू? घरी कोण कोण असतं? करतोस काय? इंग्रजीत ते वाचताना पोलिसाने विचारल्यासारखं वाटत होतं, तरी पाठवलं. त्याचं उत्तर शांत होतं. तुझे रिलीज मी वर्षानुवर्षं घेतोय, तू कोण हे मी कधी विचारलं नाही. आधी तू सांग.

बरोबरच होतं त्याचं. माझ्याआधी ही लायब्ररी सांभाळणाऱ्याने मला चावी सोपवली, तेव्हा त्यानेही काही विचारलं नव्हतं. म्हणून मी सगळं खरं लिहायला बसले. मी बाई आहे, समुद्राकाठी राहते, बाबा मासेमारी करतात, आई बोंबील सुकवते, मी जेवणाच्या टेबलावर रिलीज काढते. लिहून वाचलं आणि लाज वाटली. एखाद्या लबाडाने विश्वास बसावा म्हणून रचलं असतं, तर नेमकं असंच रचलं असतं. तरी पाठवलं. त्याने लिहिलं, "छान आहे. पण हे खरं आहे हे मला कसं कळणार?" चावी मी दिली नाही.

त्यानेही पुन्हा मागितली नाही. दुरुस्त्या येतात, खाली 'काळजी घे' नसतं. पूर्वी मी त्या वरवर पाहून घ्यायचे, आता प्रत्येक ओळ संशयाने वाचते. परवाची दुरुस्ती मी दोनदा, मग तिसऱ्यांदा तपासली. एकही चूक सापडली नाही. बरं वाटायला हवं होतं, पण मला भीतीच वाटली.