अकरावा फॉर्म गेला कुठे?

कॉलेजात भोंदूबाबांविरुद्ध पत्रकं लिहून, चौकात वाटून मी वर शिव्याही खाल्ल्यात. त्यामुळे असलं काही माझ्याच हातून लिहिलं जातंय याचा मला राग येतो... पण घडलं ते घडलं.

मी सौदीत, अल-खोबरला एका खाजगी हॉस्पिटलात नर्स आहे. कोकणातले वेल्डर, फिटर उपचाराला येतात. सुटीच्या दिवशी कॉर्निशवर, समुद्राकाठी बसून त्यांची आयुष्यं त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतली. लिहिली मात्र पत्रकाच्या सवयीने — बारीक टाइप, समास नाही, कागद दोन्हीकडून गच्च. छोटंसं पुस्तक होईल, असं पुण्याच्या प्रकाशकाला बिनधास्त कळवलं. ते म्हणाले, दहा फॉर्म, म्हणजे एकशे साठ पानं. त्यापुढे जमणार नाही.

संपादक मुग्धाताईंनी बाड बघून मला झापलं. मोठा टाइप, ओळींत दुप्पट अंतर, चारी बाजूंना समास, कागदाची एकच बाजू — असं करून दे, मग अंदाज काढते. दिलं. अंदाज निघाला अकरा फॉर्म.

"इब्राहिमचाचांचं प्रकरण काढ," त्या म्हणाल्या. "बरोबर एक फॉर्म आहे."

माझं डोकंच फिरलं. चाचा दापोलीचे, परांची बांधणारे. माझ्याशी बोलले आणि थोड्याच दिवसांत साइटवरच वारले. कफीलने, म्हणजे तिथल्या मालकाने, कागदांवर सह्या केल्या, खलास. त्यांच्या मुलीसाठी बापाचं बोलणं म्हणून हे एवढंच उरलं होतं. मी सांगितलं, हे कापायचं तर पुस्तकच नको. ताई वैतागल्या. सगळं पानांत लावून दाखवते, आकडा बघ आणि मुकाट्याने काप, म्हणाल्या.

मग त्यांचा फोन आला. आवाज उतरलेला.

"अगं, तू काही कापलंस का?"

"एक ओळ नाही."

"मग अकरावा फॉर्म गेला कुठे? दहातच बसतंय."

टाइप तोच, समास तेच. त्यांनी चाचांचं प्रकरण काढून पुन्हा लावलं — तरी दहाच. एक पान कोरं नाही. मी दोन्ही प्रुफं ओळीला ओळ लावून वाचली. एकात चाचा होते, एकात नव्हते; बाकी काहीही गळलेलं नव्हतं.

चाचांच्या खोलीतल्या संदेशला सांगितलं, तर तो हसतच सुटला. "चौघांच्या खोलीत ते आठवे होते, ताई. मावायचं कसं, ते त्यांना विचारा."

पुस्तक अख्खं छापलं. मुलीने व्हिडिओ कॉलवर बापाचं प्रकरण मोठ्याने वाचलं, मध्ये कुठेही न थांबता. मुग्धाताई अजून कॉम्प्युटरला दोष देतात. देऊ देत. मलाही कारण सापडलेलं नाही, आणि खोटं सांगणार नाही — आता मी ते शोधतही नाही. कापायला सांगितलेला माणूस पुस्तकात आहे.