जावयाने दिलेला कॉम्प्युटर

दसऱ्याला दुकानातल्या लॅपटॉपवर झेंडू वाहिला, की त्या वासाने मुरबाडच्या घरातला आमचा जुना कॉम्प्युटर आठवतो. तो ताईच्या नवऱ्याने दिलेला. जावयाची वस्तू म्हणून आई त्यालाही हळदकुंकू लावायची. ताई माहेरी आली असताना तिने त्यावर गुपचूप नोकरीचा अर्ज लिहिला. दुसऱ्याच सकाळी भाऊजींनी फोनवर तो अर्ज तिला शब्दन् शब्द वाचून दाखवला आणि म्हणाले, "न्यायला निघालोय." मी लगेच कॉम्प्युटर तपासायला बसलो. शोधलं, तर टाइप केलेलं सगळं त्यांना पाठवणारा प्रोग्राम आत बसलेला! तो काढून कॉम्प्युटर परत चालू केला, तरी हा हजरच. बाबा उंबऱ्यात बसून बजावत होते, "जावयाची वस्तू हाय, हात नको लावू." शहापूरहून यायला भाऊजींना कितीसा वेळ लागणार? अखेर कुठल्याशा कोपऱ्यात त्या प्रोग्रामचं लपलेलं मूळ सापडलं. ते पुसणार, तोच ताईने माझा हात धरला. "थांब रे." तिने शांतपणे टाइप केलं, 'मी येत नाय. येऊ नका.' मग म्हणाली, "गेलं असंल त्यांना. आता पुसून टाक." मी भीत भीत बाबांकडे पाहिलं. ते उठले आणि दाराला आतून कडी घातली.