इन्क्युबेटरमधलं दही

नांदेडच्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवून मला डोक्याला ताप सोडून फारसं काही मिळालेलं नाही. किस्से मात्र, एक विसरायच्या आत दुसरा हजर! घरी आले की नवराच विचारतो, "आज कोणावर भडकलीस?"

*

जिवाणूंना दात नसतात. ते एन्झाइम बाहेर सोडतात, स्टार्चची साखर करतात, मग ती आत घेतात. स्टार्चच्या प्लेटवर आयोडीन ओतलं की प्लेट निळी होते. त्यांनी खाल्लं असेल तेवढीच जागा कोरी राहते. हे सांगितलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हे तर भाईरच सैपाक करून राहिले!"

त्या दिवशी मला राग आला नाही. वर्षातून असा एखादाच दिवस!

*

हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला की जिवाणूंवर फेस यायला हवा. एकालाही येईना. बाटली जुनाट, आत नुसतं पाणी झालेलं. नवी मागितली तर स्टोअरचे क्लार्क म्हणाले, "मॅडम, गळ्यापर्यंत भरलेली हाय की! संपल्यावर या."

फेस आला तो माझ्याच तोंडाला.

*

इन्क्युबेटर, म्हणजे जिवाणू वाढवायचं उबदार कपाट, एकच. त्यात दही छान लागतं हा शोध प्राचार्यांचा! पातेलं दिसलं तशी मी तणतणत केबिनमध्ये गेले.

"सर, तिथे आम्ही गळवाच्या पुवातले जिवाणू वाढवतो!"

"झाकण होतं की, मॅडम. आणि दही काय घट्ट लागलं!"

*

आता सुनीताचं. किनवटकडची, हॉस्टेलला राहते. वडिलांनी बजावलेलं, "एक विषय जरी राहिला, तर सामान गुंडाळायचं अन् लगीन!"

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी तिने स्टार्चच्या प्लेटवर जिवाणू लावून इन्क्युबेटरमध्ये ठेवले. सकाळी पाहतो तर तिच्या प्लेटा बाहेर ओट्यावर, थंडीत गारठलेल्या; आत भलंमोठं पातेलं. परीक्षक येणार म्हणून प्राचार्यांनी खास दही लावलेलं! ते पातेलं त्यांच्या डोक्यावर पालथं घालावं असं वाटलं मला. ते म्हणाले, "एका रात्रीनं काय फरक पडतो?"

दुपारी जेवून परीक्षक प्रयोगशाळेत आले, सोबत प्राचार्य. सुनीताने आयोडीन ओतलं. प्लेट काठापासून काठापर्यंत निळी.

"काहीच खाल्लं नाही तुमच्या जिवाणूंनी?" परीक्षकांनी पेन उघडलं. "नापास करावं लागेल."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुनीताच म्हणाली, "सर, माझ्या प्लेटा भाईर काढून तिथं दही लावलं होतं. तुम्ही आत्ता खाल्लं न, तेच."

प्राचार्य खोकले. परीक्षकांनी पेन बंद केलं आणि इन्क्युबेटरच्या दारावरची यादी वाचली.

"आणि गळवाच्या जिवाणूंच्या प्लेटा?"

"त्या न्हाई काढल्या कुणी, सर. त्या आतच हाईत."